आखाड्यावरचं इंजिन

गवत कापायचं यंत्र मुळात थंड, ओल्या मुलखातलं. 1830 साली इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं कापड गिरणीत लोकरीचे तंतू छाटणारी फिरती पाती पाहिली आणि तशीच पाती गवतावर फिरवली तर, असा विचार केला. ते यंत्र माणसानं ढकलायचं होतं. त्यावर इंजिन बसायला पुढं बरीच वर्षं गेली. परभणी जिल्ह्यात असं यंत्र चालवावं अशी राखलेली हिरवळ शोधायला निघालात तर मोजकीच ठिकाणं सापडतील. त्या यंत्रावरचं इंजिन मात्र नऊही तालुक्यांत आहे. सोयाबीनच्या तासात चालणाऱ्या पॉवर विडरवर तेच आहे, बांधावरचं गवत कापणाऱ्या ब्रश कटरवर त्याचा धाकटा भाऊ आहे, आणि फवारणीच्या, पाठीवरच्या ‘चायना पंपा’त त्याहून लहान. लॉनमोवरमध्ये इंजिनाचा दांडा बहुधा उभा असतो, विडरमध्ये आडवा. बाकी एक पिस्टन, एक कार्बोरेटर, एक प्लग, ओढायची दोरी आणि हवेनं थंड होणारं डोकं, सगळं तेच.

म्हणून या प्रकरणात लॉनमोवरच्या निमित्तानं आखाड्यावरच्या इंजिनाबद्दलच बोलू. अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरून, नंबर लागून विडर घरी येतं. अनुदान यंत्राला मिळतं, ऑइलच्या डब्याला मिळत नाही. त्यामुळं खरेदीची चर्चा गावभर होते आणि देखभालीची कुणीच करत नाही. सोबत आलेली इंग्रजी पुस्तिका पिशवीतून बाहेर निघत नाही. निघाली तरी तिच्यातला हिशोब तासांचा असतो: पहिलं ऑइल वीस तासांनी बदला, पुढं दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पाच एकरवाल्याचं विडर हंगामात शंभर तास भरेलच असं नाही. मग तो म्हणतो, अजून कुठं शंभर झाले? ‘किंवा सहा महिन्यांनी’ हे शब्द मागे राहतात, आणि आपल्याकडे खरे महत्त्वाचे तेच आहेत. इथलं इंजिन कामानं क्वचित मरतं. ते मरतं धुळीनं आणि पडून राहिल्यानं.

धुळीपासून सुरुवात करू, कारण काळ्या जमिनीचा तिच्याशी थेट संबंध आहे. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या खोऱ्यातली भारी काळी माती ओली असली की कोळपं चालत नाही आणि विडरही चालत नाही. पात्यांना चिखलाचे गोळे बसतात. कोळपणी करायची ती पावसानं उघडीप दिली, वरचा थर सुकला की. म्हणजे इंजिन नेमकं तेव्हाच चालतं जेव्हा माती भुसभुशीत होऊन उडायच्या बेतात असते. त्यात विडरचं इंजिन जमिनीपासून फूट-दोन फुटांवर, फिरत्या पात्यांच्या अगदी डोक्यावर.

आता हवेचा हिशोब बघा. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 9,000 लिटर हवा लागते. साधारण 163 सीसीचं इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला 1,800 वेळा ते हवा आत ओढतं. आपण मोजतो पेट्रोल, कारण त्याला पैसे पडतात. हवेकडे लक्ष जात नाही. पण त्या हवेतून येणाऱ्या धुळीत गारेचे बारीक कण असतात आणि ते सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. ते पिस्टनच्या रिंगांत गेले की ऑइलात मिसळून घासायला लागतात. सुरुवातीला काही कळत नाही. पुढच्या हंगामात इंजिन निळसर धूर टाकतं, दोरी ओढताना हाताला पूर्वीसारखा अडथळा लागत नाही आणि चढाला दम सोडतं. मिस्त्री म्हणतो, रिंगा गेल्या.

मध्ये फक्त एअर फिल्टर उभा असतो, आणि त्याच्यावरच आपल्याकडे सगळ्यात जास्त अन्याय होतो. फिल्टर तुंबला की इंजिन गुदमरतं, काळा धूर टाकतं. मग कुणीतरी फिल्टर काढून बाजूला ठेवतं आणि इंजिन एकदम मोकळं चालायला लागतं. ते तसं चालणारच, हवा मोकळी मिळाली ना! तो सुधारल्याचा आनंद एका हंगामाचा असतो. फिल्टरशिवाय उन्हाच्या दिवसात केलेली एक एकर कोळपणी ही पुढच्या सिलिंडर-बोअरच्या कामाची उचल समजा.

फिल्टरचे दोन प्रकार हाताशी येतात. स्पंजाचा असेल तर तो साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. पेट्रोलमध्ये धुतात, पण ते धोक्याचंही आहे आणि त्यानं स्पंज लवकर चुरतो. धुताना तो दोन्ही तळव्यांत धरून दाबायचा. कपड्यासारखा पिळला की आतली भोकं फाटतात. सावलीत पूर्ण वाळवून मग स्वच्छ इंजिन ऑइलचे थोडे थेंब त्यावर सोडायचे, स्पंजभर मळायचे आणि जादा ऑइल दाबून काढायचं. हे ऑइल लावणं बहुतेक जण विसरतात, आणि धूळ धरून ठेवायचं काम तेच करतं. कोरड्या स्पंजातून बारीक काळी भुकटी सरळ पार जाते. कागदी फिल्टर मात्र धुवायचाच नाही. हलकेच आपटून झटकायचा, फार काळवंडला की नवा घालायचा. पंक्चरच्या दुकानातला जोरदार हवेचा झोत जवळून मारला तर कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात. पुस्तिकेत फिल्टरसाठी जी मुदत लिहिली असेल ती स्वच्छ हवेची. धुळीच्या दिवसांत रोज संध्याकाळी झाकण उघडून बघणं हाच आपला नियम ठेवावा. एक हाती पेच असतो, पाना लागत नाही.

ऑइलकडे येऊ. बहुतेक लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल फिल्टर नसतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. मोटारीत पंप ऑइल ढकलतो, फिल्टर ते गाळतो. इथं कनेक्टिंग रॉडच्या टोकाला छोटी पट्टी असते, ती प्रत्येक फेरीला ऑइलात बुडते आणि शिंतोडे उडवते. त्याच शिंतोड्यांवर सगळे भाग चालतात. एअर फिल्टरमधून सुटलेली धूळ आणि धातूचा कीस ऑइलात जे पडतं ते तिथंच राहतं. ते बाहेर काढायचा रस्ता एकच: ऑइल बदलणं. 163 सीसीच्या इंजिनाला ते सुमारे 600 मिलिलिटर लागतं. म्हणजे लिटरभराच्या डब्यात एक बदल होऊन वर थोडं उरतं. सोयाबीनच्या एका फवारणीच्या औषधाशी या खर्चाची तुलना प्रत्येकानं मनातल्या मनात करावी.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदलायचं ते याच कारणानं: नवे भाग एकमेकांवर बसताना सुरुवातीला सगळ्यात जास्त कीस पडतो. बदलताना इंजिन पाचेक मिनिटं चालवून ऑइल कोमट करावं, म्हणजे गाळ ढवळून सगळा बाहेर येतो. ग्रेड पुस्तिकेत दिलेलाच घालावा. आपल्या उन्हाला एसएई 30 सारखं जाड ऑइल चालतं, मात्र टू-स्ट्रोकचं ऑइल यात कधीही नाही. पातळी बघताना यंत्र सपाट जागी हवं. तासात तिरकं उभं करून बघितलं तर गेज खोटं बोलतं. ऑइल कमी असेल तर उतारावर ती पट्टी कोरडीच फिरते, आणि अशा कोरड्या फिरण्याला दहा मिनिटंही पुरतात. जास्त भरणंही वाईटच. पांढरा धूर निघतो आणि ऑइल पार एअर फिल्टरपर्यंत चढतं.

काढलेलं ऑइल एकदा बोटांत चोळून, हुंगून बघावं. काळं असणं काही वाईट नाही. बोटांना कचकच लागली तर फिल्टर धूळ सोडतोय. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरमधली सुई नीट बसत नाही आणि रात्रभर पेट्रोल झिरपत खाली जातंय. असं पातळ झालेलं ऑइल लगेच बदलावं. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. जुनं ऑइल लाकडाला वाळवीसाठी फासायची आपल्याकडे जुनी रीत आहे; पण ते विहिरीजवळ किंवा ओढ्याच्या काठाला ओतू नये, गॅरेजवाल्याच्या पिंपात द्यावं.

आता पडून राहण्याचं. मृगाच्या आधी इंजिन बाहेर काढायचं, जुलैत कोळपणी, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत फवारण्या, आणि ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की विडर आखाड्यावरच्या कोपऱ्यात जातं ते थेट पुढच्या जूनला उजेडात येतं. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच. मधल्या काळात परभणीचा उन्हाळा होऊन जातो. पत्र्याखाली तापमान काय होत असेल ते सांगायला नको. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट, पिवळसर राळ उरते. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. गोदाकाठचा ऊस इंजिनाच्या टाकीत येऊन पोचला, यात आनंदच आहे; पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोलची नळीही तळातूनच निघते. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या आणि पडदे यानं कडक होतात, तडकतात. पेट्रोल बाटलीत आणून खुंटीला टांगून ठेवायची सवय आधीच वाईट होती, आता ती जास्त महाग पडते. महिनाभरात संपेल एवढंच आणावं, आणि डबा झाकणाचा, सावलीतला असावा.

राळ बसते कुठं, ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. कार्बोरेटरच्या तळाशी वाटी असते. पेट्रोलचा कॉक बंद करून खालचा बोल्ट, बहुतेकदा दहा नंबरचा, सोडला की वाटी हातात येते. आत तरंगणारा फ्लोट दिसतो आणि मधोमध पितळेचा जेट. जेट पेचकसानं काढून उजेडाकडे धरला तर त्यातलं भोक केसाएवढं दिसायला हवं. जूनमध्ये काढलेल्या जेटमधून बहुतेकदा उजेडच दिसत नाही. इंजिनाची दोरी ओढून खांदे भरून येतात त्याचं कारण हा एवढासा तुकडा. तो कार्बोरेटर क्लीनरनं किंवा ताज्या पेट्रोलनं भिजवावा, आणि भोक मोकळं करायला विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरावी. सुई किंवा टाचणी घातली की पितळ खरवडतं, भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायमचं जास्त पेट्रोल खातं.

हे सगळं टाळायचं तर ऑक्टोबरातली अर्धी दुपार पुरते. टाकी रिकामी करावी. निघालेलं पेट्रोल मोटारसायकलीत घालून वापरून टाकावं. इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे वाटीतलं पेट्रोल संपतं. उरलेले थेंब वाटीच्या तळाच्या स्क्रूतून सोडावेत. कोमट आहे तोवर ऑइल बदलून घ्यावं, कारण वापरलेल्या ऑइलातलं आम्ल आठ महिने धातूला लागून राहणं बरं नाही. प्लग काढून भोकातून चमचाभर ताजं ऑइल सोडावं, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी, प्लग परत बसवावा, आणि मग दोरी हाताला घट्ट लागेल तिथंच थांबवावी. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत शिरत नाही. झाकायला सुती कापड किंवा पोतं चालेल. प्लास्टिकात गुंडाळलं की आत घाम सुटतो आणि गंज चढतो. उंदरांना वायर आवडते. आणि सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून ठेवावी, कारण कुंभारीण माशीला मातीचं घरटं बांधायला त्याहून चांगली जागा मिळत नाही. जूनमध्ये चिंधी काढायची आठवण राहावी म्हणून ती लाल रंगाची असावी.

फवारणीच्या पंपाचं आणि लहान ब्रश कटरचं इंजिन पुष्कळदा टू-स्ट्रोक असतं. त्यात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं. काही कंपन्या लिटरला 20 मिलिलिटर सांगतात, काही 40. आपल्या यंत्राचा आकडा टाकीवरच रंगानं लिहून ठेवावा. टू-टी ऑइलला कंपन्या मुद्दाम रंग घालतात, तो मिसळलेलं पेट्रोल ओळखू यावं म्हणून. घाईत साधं पेट्रोल भरून पंप चालवला तर पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि तिथं दुरुस्ती म्हणजे नवं डोकं. मजुराच्या हाती पंप देताना मिश्रण आपण करून द्यावं. आणखी एक गोष्ट: 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर या पॉवर पंपांच्या बारीक तुषारांची बरीच चर्चा झाली. पंपाच्या इंजिनावर, दोरीवर, टाकीच्या झाकणावर तेच औषध बसलेलं असतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी पंप साबणानं धुवा, हातमोजे घाला. प्लग साफ करताना तोंडानं फुंकर मारू नका.

हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याच्या कल्ल्यांसारखे खाचखळगे असतात. सोयाबीनचा पाला, गवताचे तुकडे आणि ऑइलला चिकटलेली माती त्यात दडपून बसते. मग फिरता पंखा हवा मारतो खरा, पण ती धातूपर्यंत पोचत नाही. इंजिन गार झाल्यावर कोरड्या ब्रशनं किंवा लाकडी काडीनं ते मोकळे करावेत. गरम इंजिनावर पाण्याचा फवारा मारायचा मोह होतो. त्यानं डोकं तडकू शकतं.

आता बंद पडलेल्या इंजिनाकडे बघायची रीत. कार्बोरेटर खोलण्याआधी स्विच चालू आहे का आणि कॉक उघडा आहे का, हे बघा. हसू नका, मिस्त्रीही आधी हेच बघतो. इंजिन दहा मिनिटं चालून बंद पडत असेल, थोडं थांबून परत सुरू होत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणातलं हवेचं भोक मातीनं बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून चाललं तर रोग सापडला; भोक साफ करा, सैल झाकणानं काम करत बसू नका.

मग प्लग. तो बाहेर काढला की आतली बातमी कळते. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे परत फिल्टरकडे जा. तेलकट ओला असेल तर ऑइल वर चढतंय. पेट्रोलनं भिजलेला असेल तर चोक लावून जास्त वेळा दोरी ओढली गेलीय. प्लग पुसून, चोक उघडा ठेवून पुन्हा ओढा. पेट्रोलचा थेंबही नसेल तर पेट्रोल येतच नाहीये. दोन टोकांतलं अंतर बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांना 0.7 ते 0.8 मिलिमीटर लागतं. परत बसवताना आधी बोटांनी फिरवून आटे बसवा, शेवटचा पीळ तेवढा पान्यानं. डोकं ॲल्युमिनियमचं असतं, आटे एकदा उडाले की ते काम महागात जातं. आणि पात्याला हात लावायच्या आधी, मग ते लॉनमोवरचं असो, विडरचं असो की ब्रश कटरचं, प्लगची टोपी काढून बाजूला करा. पातं हातानं फिरवलं तरी इंजिन एक ठिणगी टाकू शकतं. लॉनमोवर आडवा करायचा असेल तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनाचा जमाना या जिल्ह्यातून बराचसा सरला. 1946 साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली, आणि पुढं अशा इंजिनांनी मोटेची जागा घेतली. मग विजेच्या मोटारीनं त्यांना बाजूला केलं आणि आता सौर पंप आलेत. तरीही लोडशेडिंगला वैतागून किंवा नदीपात्रातलं पाणी उपसायला ते इंजिन ज्यांनी राखलंय त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. डिझेल पूर्ण संपेपर्यंत चालवू नका. नळीत हवा शिरली की नुसतं डिझेल भरून भागत नाही, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे बंद होईपर्यंत हवा काढावी लागते, मग पंपाकडे, मग नोझलच्या नळीकडे, याच क्रमानं. आणि हँडल मारताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेढा घालून नको. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातून सुटून जाऊ द्यायचं असतं. अंगठा अडकला तर मनगट जातं.

आणि मिस्त्रीकडे कधी जायचं? पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, फिल्टर साफ आहे, तरी दोरी सैल लागते आणि इंजिन सुरू होत नाही, तेव्हा. तो दाब गेल्याचा प्रकार. व्हॉल्व्ह किंवा रिंगा घरी बसवायच्या भानगडीत पडू नये. मात्र ऐन पंधरवड्याच्या उघडीपीत सगळ्या गावांची यंत्रं एकदम मोंढ्याच्या रस्त्यावर येतात आणि नंबर लागायला दिवस जातात, त्यामुळं एक नवा प्लग, एक स्पंज, दोरीचा वाव आणि लिटरभर ऑइल मे महिन्यातच आणून ठेवावं. 18 मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन. 1972 साली ते याच दिवशी स्थापन झालं, आणि त्या सुमारास खरीप मेळावा भरतो. बियाणं आणायला परभणीला जाणं होतंच, त्याच फेरीत सुटे भाग घ्यावेत. दुकानदाराला इंजिनाचा मॉडेल नंबर लागतो. तो सिलिंडरच्या बाजूला किंवा पंख्याच्या झाकणावर असतो, मोबाइलवर फोटो काढून न्यावा.